सल्ला : नव्या डिझाइन कायद्याची वाट पाहत बसू नका

वाचकाचं पत्र

"भोसरी एमआयडीसीत आमचं प्लॅस्टिकच्या इंजेक्शन मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. मागच्या वर्षी आम्ही मिसळणाचा एक डबा काढला. सहा पाकळ्यांचं फूल, मधे सातवी वाटी, झाकणाला खटका. सात महिन्यांपूर्वी इन्स्टाग्रामवर फोटो टाकले, डीलरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवले, नऊशेच्या आसपास डबे विकले. डिझाइनची नोंदणी केली नव्हती. आता दुसऱ्या एका मोल्डरने तसाच डबा स्वस्तात आणला आहे. आमचे सीए म्हणतात की नवा कायदा येतोय, त्यात माल दाखवल्यानंतरही बारा महिने नोंदणी करता येईल, तेव्हा थांबा. एक स्नेही म्हणतात, जुन्या पोस्ट काढून टाका आणि लगेच अर्ज करा. आमचं दुसरं मॉडेल तयार आहे. विड्याच्या पानाच्या आकाराचा, पाच वाट्यांचा डबा. त्याचा मोल्ड टूलरूममध्ये आहे. त्याचीही नोंदणी नव्या कायद्यासाठी थांबवू का? जर्मनीतल्या एका भारतीय किराणा दुकानाकडून विचारणाही आली आहे. काय करू?"
– एक उद्योजिका, पुणे

नमस्कार ताई,

सगळ्यात आधी एक गोष्ट. इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट काढू नका. एकही नाही.

पोस्ट काढल्या म्हणून डबा 'न दाखवलेला' होत नाही. नऊशे डबे घरोघरी गेले आहेत, डीलरांच्या फोनमध्ये फोटो आहेत, तुमच्या स्वतःच्या बिलांवर तारखा आहेत. उद्या कोर्टात प्रश्न निघाला तर पुरावा लपवल्यासारखं दिसेल, ते वेगळंच. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. ज्याने तुमचा डबा उचलला, त्याने तो स्वतःच्या नावावर नोंदवायला टाकला असण्याची शक्यता असते. कंट्रोलरच्या म्हणजे डिझाइन नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयात परीक्षक मुख्यतः जुन्या नोंदी आणि सहज मिळणारा मजकूर तपासतो. पुण्यातल्या एका युनिटच्या इन्स्टाग्रामपर्यंत तो पोचेलच असं नाही. अशी नोंदणी झाली तर ती रद्द करायला डिझाइन कायद्याच्या कलम १९ खाली अर्ज करता येतो, आणि 'हे डिझाइन अर्जाच्या तारखेआधीच प्रसिद्ध झालं होतं' हा त्यातला सरळ मुद्दा आहे. तो सिद्ध करणार कशाने? याच पोस्टनी. ज्या पोस्टमुळे तुमची नोंदणीची वाट बंद झाली, त्याच पोस्टमुळे त्यालाही या डब्यावर हक्क सांगता येणार नाही.

म्हणून त्या नीट जपा. प्रत्येक पोस्टचा पूर्ण पत्ता, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट, मूळ फोटोची कॅमेऱ्यातून निघालेली फाइल (व्हॉट्सॲपवरून परत आलेली नव्हे, त्यातली तारखेची माहिती बहुधा निघून गेलेली असते), डीलर ग्रुपचं एक्सपोर्ट केलेलं चॅट, पहिल्या विक्रीची जीएसटी बिलं, ई-वे बिलं, टूलरूमचं मोल्डचं बिल. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून संगणकाने काढलेला तिचा ओळख-आकडा) द्यायची असते. ज्या फोनवरून पोस्ट टाकल्या तो फोन विकू नका, फॉरमॅटही करू नका.

आता पहिल्या डब्याचं. डिझाइन कायदा, २००० चं कलम ४ स्पष्ट आहे. अर्जाच्या तारखेआधी भारतात किंवा जगात कुठेही डिझाइन छापून, वापरून किंवा इतर कुठल्याही मार्गाने लोकांसमोर आलं असेल तर नोंदणी मिळत नाही. मालकाने स्वतः दाखवलं तरी हाच नियम. त्यामुळे स्नेह्यांच्या सल्ल्याप्रमाणे आज अर्ज केलात आणि चुकून प्रमाणपत्र हातात आलं, तरी ते कागदी ठरेल. त्याच्या जोरावर दावा लावलात तर समोरचा वकील तुमचंच इन्स्टाग्राम दाखवेल, कारण नोंदणी रद्द करण्याचं प्रत्येक कारण हे दाव्यातलं बचावाचंही कारण असतं.

'मग कॉपीराइट तरी आहे ना, ड्रॉइंग आमचंच आहे' असं मनात येईल. तिथेही अडचण आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५(२) प्रमाणे, जे डिझाइन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, त्याचे पन्नासपेक्षा जास्त नग औद्योगिक पद्धतीने निघाले की त्यावरचा कॉपीराइट संपतो. तुमच्या मोल्डमधून पन्नास डबे पहिल्याच पाळीत निघाले असतील. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या खटल्यात हे अधिक उलगडून सांगितलं. वाद द्रवरूप नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या ड्रॉइंगचा होता. न्यायालय म्हणतं, आधी पाहा की ती वस्तू मुळात निखळ कलाकृती आहे की तिच्यावरून औद्योगिक पद्धतीने माल काढायचं डिझाइन आहे. कलाकृती म्हणून संरक्षण बसत नसेल तर तिचा मुख्य भाग कामाचा आहे की डोळ्यांना भावणारा, ते तपासा. मिसळणाचा डबा निखळ कलाकृती आहे असं कोणी मान्य करणार नाही.

तरीही हात अगदी बांधलेले नाहीत. त्या दुसऱ्या मोल्डरची ऑनलाइन विक्रीची पानं उघडून नीट पाहा. नक्कल करणारे बहुतेक वेळा फोटोही उचलतात. फोटोवरचा कॉपीराइट पन्नास नगांच्या नियमात अडकत नाही, तो फोटो काढणाऱ्याचा, किंवा तुम्ही पैसे देऊन काढून घेतला असेल आणि करारात उलट काही लिहिलं नसेल तर तुमचा. खोक्यावरचा मजकूर, वापराच्या सूचना, डब्याचं नाव हेही बघा. फोटो तुमचे निघाले तर विक्रीच्या संकेतस्थळाकडे कॉपीराइटची तक्रार करा. ती पानं त्या मार्गाने लवकर उतरतात. केवळ आकारासाठी 'पासिंग ऑफ'चा दावा करता येतो, म्हणजे तो आपला माल तुमचा म्हणून खपवतोय असा. पण त्यासाठी गिऱ्हाईक तो आकार पाहून तुमचंच नाव घेतं हे सिद्ध करावं लागतं. सात महिने आणि नऊशे नग यावर हे उभं राहणं फार कठीण. त्या दाव्यात पैसे घालू नका असंच सांगेन.

शिवाय त्या डब्याच्या आकारातच एक कमकुवत जागा होती. सारख्या मापाच्या सहा वाट्या एका वाटीभोवती ठेवल्या की त्या आपोआप चिकटून बसतात. ही भूमितीच आहे, आणि स्टीलचे गोल मिसळणाचे डबे पिढ्यान् पिढ्या याच मांडणीचे आहेत. बाहेरची भिंत त्या सहा वाट्यांच्या कडेने वळवली की फूल तयार होतं. तिथे परीक्षक किंवा समोरचा पक्ष म्हणू शकला असता की हा आकार वाट्यांच्या सोयीतून आला आहे, नवेपणा कुठे आहे? दुसऱ्या मॉडेलच्या वेळी हा मुद्दा आधीच ध्यानात ठेवा.

तुमच्या सीएंनी जे ऐकलं त्याला आधार आहे, पण अर्धाच. २२ नोव्हेंबर २०२४ रोजी सौदी अरेबियात रियाध इथे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या परिषदेत 'रियाध डिझाइन लॉ ट्रीटी' हा आंतरराष्ट्रीय करार मंजूर झाला. त्यात दोन गोष्टी लहान उत्पादकाच्या खऱ्या कामाच्या आहेत. एक म्हणजे स्वतः दाखवलेलं डिझाइन बारा महिन्यांच्या आत नोंदवता येण्याची सवलत. दुसरी, अर्ज केल्यावर डिझाइन किमान सहा महिने अप्रसिद्ध ठेवण्याची सोय, म्हणजे माल बाजारात यायच्या आधी नकलाकारांना चित्रं पाहायला मिळत नाहीत. भारताने परिषदेच्या अंतिम दस्तऐवजावर सही केली आहे. ती सही म्हणजे करार स्वीकारला असा अर्थ होत नाही. करार अमलात यायला पंधरा सदस्यांची रीतसर मान्यता लागते, आणि तो अमलात आला तरी आपल्याकडे संसदेने डिझाइन कायदा बदलल्याशिवाय तुमच्या अर्जाला त्याचा काही उपयोग नाही. कायदा बदलला की तो सहसा पुढच्या अर्जांना लागू होतो. सात महिन्यांपूर्वी बाजारात गेलेल्या डब्याला तो मागे जाऊन वाचवेल यावर एक रुपयाही लावू नका.

ही सवलत भारतात यायला हवी असं मला मनापासून वाटतं. मोठ्या कंपनीकडे वकील असतो, तो उत्पादन दाखवण्याआधी अर्ज टाकतो. वीस माणसांच्या युनिटमध्ये आधी माल खपतो का ते पाहिलं जातं, आणि तेवढ्यातच हक्क जातो. नियम सगळ्यांना सारखा असला तरी त्याचा मार लहान उत्पादकालाच जास्त बसतो. पण सवलत आली तरी ती पडल्यावर झेलणारी जाळी आहे, चालायचा रस्ता नव्हे. मधल्या काळात दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तसंच काही बाजारात आणलं तर ती सवलत तुम्हाला वाचवणार नाही. शिवाय ती प्रत्येक देशात सारखी नाही. चीनमध्ये असा माल दाखवल्यावरची सूट फार थोड्या ठरावीक प्रसंगांना आणि सहाच महिने मिळते.

तेव्हा दुसऱ्या मॉडेलसाठी थांबायचं नाही. आजच्या कायद्यात, माल कोणाला दिसायच्या आधी, अर्ज करायचा. तो कसा, ते आता सविस्तर.

पहिली गोष्ट, तुमचा पहिला डबा आता तुमच्याच दुसऱ्या डब्याच्या आड येऊ शकतो. कलम ४ म्हणतं की नवं डिझाइन जुन्या डिझाइनपासून, किंवा जुन्या डिझाइनांच्या मिश्रणापासून, ठळकपणे वेगळं दिसलं पाहिजे. पानाच्या आकाराचे ट्रे आणि फराळाच्या ताटल्या बाजारात आहेत, मिसळणाचे डबे आहेत. परीक्षक म्हणेल, पानाचा ट्रे आणि मिसळणाचा डबा एकत्र केला, यात नवं काय? उत्तर चित्रातच दिसायला हवं. पानाच्या शिरा झाकणावर थांबतात की कडेवरून उतरून भिंतीवर येतात? देठ नुसता टोकदार आहे की तोच पकडायचा कान झालाय? पाच वाट्या सारख्या आहेत की पानाच्या रुंदीप्रमाणे लहानमोठ्या? झाकण सपाट की मधे उचललेलं? असा वेगळेपणा दोन-तीन जागी असेल आणि तो हातभर अंतरावरून कळत असेल तर अर्ज भक्कम होतो. रंग बदलला, कड अर्धा मिलिमीटर जाड केली, याला कोर्टं किरकोळ फेरफार म्हणून बाजूला ठेवतात.

अर्जाआधी एक शोध घ्याच. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर डिझाइन शोधायची सोय आहे. तुमची वस्तू लोकार्नो या डिझाइनच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सातव्या वर्गात, घरगुती वस्तूंमध्ये येते. युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाचं 'डिझाइनव्ह्यू' मोफत आहे. मग स्वतःचं रेंडर (संगणकावर काढलेलं डब्याचं चित्र) घेऊन चित्रावरून शोध करायचा मोह होईल. तो थांबवा. अप्रसिद्ध चित्र कुठल्याही बाहेरच्या साइटवर चढवू नका, शब्दांनी शोधा. चित्र बनवणारं एआय साधन वापरलं असेल तर हीच काळजी दुप्पट घ्या. काही साधनांत तयार झालेलं चित्र आपोआप सगळ्यांना दिसणाऱ्या दालनात जातं, आणि ते गेलं की प्रसिद्ध झालं. हाताने काढलेली स्केचेस, कॅडच्या (संगणकावरच्या आराखड्याच्या) जुन्या फाइली तारखेसकट जपा, म्हणजे डिझाइन कोणी आणि कसं घडवलं हे दाखवता येईल.

अर्ज केव्हा करायचा हा तुमच्या धंद्यात फार महत्त्वाचा प्रश्न आहे. पहिल्या कॅडवर अर्ज केला आणि टूलरूमने नंतर ड्राफ्ट अँगल (भिंतीचा उतार) वाढवला, पार्टिंग लाइन (मोल्डचे दोन भाग मिळतात ती रेघ) वर घेतली, झाकणावरच्या बारीक शिरा पीपी प्लॅस्टिकमध्ये नीट भरत नाहीत म्हणून रुंद केल्या, की नोंदवलेलं डिझाइन एक आणि बाजारातला डबा दुसरा होतो. नकलाकार तुमच्या खऱ्या डब्याची नक्कल करतो, आणि तुमच्या प्रमाणपत्रातलं चित्र त्याच्याशी जुळत नाही. म्हणून टूलरूमकडून मोल्डच्या दृष्टीने काय बदलावं लागेल ते आधी लिहून घ्या, बाहेरून दिसणारे पृष्ठभाग गोठवा, आणि मग अर्ज करा. पण पहिला ट्रायल शॉट, म्हणजे मोल्डमधून काढलेला चाचणीचा डबा, टूलरूमच्या दाराबाहेर जायच्या आधी. ट्रायलनंतर डोळ्यांना दिसणारा बदल करावाच लागला तर माल बाजारात जायच्या आत दुसरा अर्ज टाका. एका अर्जाची फी बघता हा खर्च किरकोळ आहे.

फी अशी : व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघु उद्योग असेल तर एका अर्जाला १,००० रुपये, इतरांना ४,०००. तुमचं लघु उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं 'उद्यम' प्रमाणपत्र असेलच. त्याच्यासोबत नमुना २४ भरून लघु उद्योग असल्याचं सांगावं लागतं. तो राहिला तर मोठी फी मागणारी हरकत येते आणि दिवस वाया जातात. अर्ज नमुना १ मध्ये, इंग्रजीत किंवा हिंदीत, ऑनलाइन. मुंबईच्या कार्यालयातही देता येतो, तपासणी कोलकात्याच्या डिझाइन विभागात होते.

चित्रांवर सगळा खेळ असतो. ए-४ पानावर समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि तिरकं अशी सात दृश्यं द्या. झाकण उघडलेलं आणखी एक तिरकं दृश्य. आठही दृश्यं एकाच कॅड फाइलमधून, एकाच दिवशी काढा. सर्वात जास्त हरकती दृश्यं एकमेकांशी न जुळल्यामुळे येतात : एका चित्रात देठ डावीकडे वळलेला, दुसऱ्यात सरळ, तिसऱ्यात खटकाच नाही. झाकणावर तुमच्या ब्रँडचं नाव उठावात असेल तर रेंडर काढण्याआधी ते कॅडमधून पुसा; डिझाइनच्या व्याख्येत ट्रेडमार्क बसत नाही. मापं लिहू नका, वाट्यांत हळद-तिखट दाखवू नका, सावल्या आणि मार्बलचा ओटा पाठीमागे नको. डबा पाच रंगांत विकणार असाल तर चित्र राखाडी द्या आणि रंगावर हक्क सांगत नाही असं लिहा, म्हणजे हिरव्या डब्याची लाल नक्कल सुटत नाही. वाटी सुटी विकणार असाल आणि तिचा आकार वेगळा असेल तर तिचा वेगळा अर्ज. सुटा बनवून विकता येईल असाच भाग आपल्या कायद्यात 'वस्तू' धरला जातो, नुसती झाकणाची कड नोंदवता येत नाही.

प्रत्येक पानावर नावीन्याचं विधान लागतं. ते आखूड आणि चित्राला बांधलेलं ठेवा : डब्याच्या आकारात आणि घडणीत, दाखवल्याप्रमाणे, नावीन्य आहे, एवढंच. 'हवाबंद', 'सहज उघडणारा' असं काही लिहिलंत की तुम्हीच सांगितलं की आकार कामासाठी आहे. नोंदणी डोळ्यांनी पाहून ठरणाऱ्या रूपाला मिळते. म्हणूनच खटक्याची यंत्रणा डिझाइनमध्ये येत नाही. तो खटका खरंच नव्या पद्धतीने बसत असेल तर तो पेटंटचा विषय आहे. पहिल्या डब्यावर तो खटका आधीच विकला गेला असेल तर त्याचंही पेटंट गेलं. दुसऱ्या मॉडेलचा खटका वेगळा असेल तरच पेटंट एजंटाकडे जा, आणि तेही माल दाखवण्याआधी.

परीक्षकाची हरकत आली की उत्तराला उशीर नको. अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांत सगळ्या हरकती निघाव्या लागतात, मागितली तर आणखी तीन महिने मिळतात, त्यानंतर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. लहान उद्योगांचे अर्ज इथेच मरतात : ईमेल एजंटाच्या पत्त्यावर पडून राहतो आणि उत्पादक प्रमाणपत्राची वाट पाहत बसतो. अर्जाचा क्रमांक स्वतःकडे ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी संकेतस्थळावर स्थिती बघा. नोंदणी झाली की तिची तारीख अर्जाचीच धरली जाते. दहा वर्षं हक्क, आणि दहा संपायच्या आत अर्ज केला तर आणखी पाच.

टूलरूमबद्दल. मोल्ड करणाऱ्याला विश्वासाने दाखवलेलं डिझाइन प्रसिद्ध झालं असं कायदा मानत नाही, कलम १६ तेच सांगतं. पण 'विश्वासाने' हे कागदावर हवं. एका पानाचा गुप्ततेचा करार, टूलरूमचा मालक आणि कॅड बघणारा मुलगा दोघांच्या सह्या, ट्रायलचे तुकडे मोजून परत घेणं, मोल्डचं कॅड कोणाकडे आहे याची नोंद. डिझाइन बाहेरच्या डिझायनरने केलं असेल तर मोबदला देऊन करवून घेतलेल्या कामाचे मालक तुम्ही असता, तरी लेखी हस्तांतरण घ्या आणि अर्ज तुमच्या युनिटच्या नावाने करा. नंतर हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा झाला तर तो लेखी असून रजिस्टरमध्ये नोंदवावा लागतो, तोंडी व्यवहाराला किंमत नाही. डीलरांच्या ग्रुपवर 'फक्त आपल्यासाठी' लिहून फोटो टाकणं म्हणजे विश्वासाने दाखवणं नव्हे. प्रदर्शनात आधी मांडायची सवलत कलम २१ मध्ये आहे, पण ती सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरती, कंट्रोलरला आधी कळवून, आणि सहा महिन्यांत अर्ज केला तरच. दिवाळी फराळ मेळ्यातला स्टॉल त्यात येत नाही.

मोल्डच्या तळाला तारखेचा फिरता इन्सर्ट (मोल्डमध्ये बसवलेला सुटा तुकडा) असतो तसा एक बदलता इन्सर्ट क्रमांकासाठी आताच करून घ्या. प्रमाणपत्र आलं की 'आरडी' ही इंग्रजी अक्षरं आणि नोंदणी क्रमांक प्रत्येक डब्यावर उमटला पाहिजे. तो नसेल तर, तुम्ही खूण उमटावी म्हणून योग्य ती सगळी काळजी घेतली होती किंवा समोरच्याला नोंदणी माहीत होती हे दाखवलं नाही तर, भरपाई मिळत नाही. इन्सर्ट नंतर बसवायचा म्हणजे मोल्ड पुन्हा टूलरूममध्ये आणि आठवडाभर उत्पादन बंद.

नक्कल झालीच तर भरपाईचे दोन मार्ग. ठरावीक रकमेच्या मार्गाने एका वेळेला जास्तीत जास्त २५,००० रुपये आणि एका डिझाइनसाठी एकूण ५०,००० ची मर्यादा. मोल्डची किंमत तुम्हाला माहीत आहे. हा आकडा नकलाकाराला भीती घालत नाही आणि तो बदलायलाच हवा. म्हणून दावा नुकसानभरपाईचा आणि मनाई हुकमाचा करायचा, जिल्हा न्यायालयात किंवा त्यावर. समोरच्याने तुमची नोंदणीच चुकीची असा बचाव घेतला की दावा उच्च न्यायालयात जातो, तेवढा खर्च धरून चाला. 'माझीही नोंदणी आहे' हा बचाव मात्र अडवत नाही : व्हर्लपूलने वॉशिंग मशीनच्या आकारावरून व्हिडिओकॉनवर लावलेल्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं की एक नोंदणीधारक दुसऱ्या नोंदणीधारकावर दावा लावू शकतो. घरगुती प्लॅस्टिकच्या मालात सेलोच्या 'प्युरो' बाटलीचा २०१७ चा मुंबईचाच निकाल तुमच्या वकिलांना वाचायला सांगा.

तुमची कॅड किंवा त्रिमिती छपाईची एसटीएल फाइल कोणी पसरवली तर? युरोपीय संघाने १ मे २०२५ पासून लागू केलेल्या सुधारणांत ही गोष्ट थेट धरली आहे. त्रिमिती छपाईसाठी डिझाइनची फाइल तयार करणं, उतरवून घेणं, वाटणं हाही तिथे हक्काचा भंग आहे. आपल्या कायद्यात फाइल हा शब्द नाही. पण कलम २२ मध्ये विक्रीसाठी डिझाइन वस्तूवर उतरवता यावं म्हणून 'काहीही करणं' यालाही मनाई आहे, आणि आज तरी वकिलाने तिथूनच सुरुवात करावी.

शेवटी जर्मनी, आणि इथे तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. युरोपीय संघात बारा महिन्यांची सवलत आजही आहे. म्हणजे भारतात गेलेला फुलाचा डबा तिथे अजून नोंदवता येतो. पहिल्या पोस्टच्या तारखेपासून बारा महिने मोजले तर तुमच्याकडे जेमतेम पाच महिने उरले आहेत. तुमचा माल पाहून कोणी नक्कल आणली तरी ती या सवलतीत झाकली जाते, मात्र त्याने ठळक बदल केले असतील तर वाद होऊ शकतो. एका डिझाइनला ३५० युरो, स्पेनमधल्या अलिकांते इथलं कार्यालय नवेपणा तपासत न बसता नोंदवतं, पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करत पंचवीस वर्षांपर्यंत. अर्ज स्वतः टाकता येतो, पुढच्या कामाला तिथला प्रतिनिधी नेमावा लागतो. अमेरिकेतही एक वर्षाची सवलत आहे. जिनिव्हातल्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एकच अर्ज करून अनेक देश घेण्याची हेग पद्धत आपल्याला मिळत नाही, भारत तिचा सदस्य नाही. पहिल्या डब्यासाठी हा खर्च तेव्हाच करा, जेव्हा त्या दुकानाकडून लेखी मागणी येईल. मसाला ठेवायचं प्लॅस्टिक म्हणून युरोपच्या अन्नसंपर्क नियमांची चाचणी लागेल, ते खातं डिझाइनपेक्षा वेगळं आहे.

पानाच्या डब्यासाठी भारतातल्या अर्जापासून सहा महिन्यांत युरोपात अर्ज केला तर तीच तारीख तिथेही धरली जाते. म्हणून भारतातला अर्ज क्रमांक हातात येईपर्यंत त्या दुकानदाराला फक्त फुलाच्या डब्याचे फोटो पाठवा.